पेटीबाहेरच्या आईचा विचार करणारे डॉक्टर

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवतात, हे आज शहरातील कोणत्याही कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही. बाळ पेटीत जाते, त्याला ऊब मिळते, त्याचे वजन वाढू लागते. परंतु त्या काळात पेटीबाहेर राहिलेल्या आईचे काय होते, तिचे दूध आटते काय, बाळाविषयीची तिची ओढ टिकते काय, हे प्रश्न वैद्यकशास्त्राने बराच काळ स्वतःचे मानलेच नव्हते. ते ज्यांनी अगदी प्रारंभीच मानले, त्यांत पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्यूदँ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. नवजात बालकांच्या वैद्यकाचा इतिहास त्यांच्या उल्लेखावाचून पुरा होत नाही.

पिएर ब्यूदँ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८४६ रोजी उत्तर फ्रान्समधील एनाँकूर-ल-सेक या लहानशा गावी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले, तो काळ फ्रान्सच्या दृष्टीने मोठ्या मानहानीचा होता. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला होता. देशातील जन्मदर घसरत होता आणि शेजारच्या जर्मनीची लोकसंख्या वाढत होती. जन्मलेली मुले पहिल्या वर्षातच मोठ्या संख्येने दगावत. शहरातील तान्ह्या मुलांना खेड्यातील दायांकडे दूध पिण्यासाठी पाठवण्याची प्रथा सर्रास होती आणि त्यांतील अनेक मुले परत येत नसत. अशा मुलांवर देखरेख ठेवण्यासाठी १८७४ मध्ये फ्रान्सला स्वतंत्र कायदा करावा लागला. एका तान्ह्या जिवाचा मृत्यू हे केवळ त्या घराचे दुःख नसून राष्ट्राची हानी आहे, ही भावना तेथे मूळ धरू लागली होती. ब्यूदँ यांच्या कार्याला ही पार्श्वभूमी होती.

पॅरिसच्या मातेर्निते या प्रसूतिगृहात त्यांना गुरू लाभले ते स्तेफान तार्निये. तरुण ब्यूदँ यांची बारकाईने पाहण्याची वृत्ती तेथेच दिसून आली. बाळ जन्मताच नाळ बांधावी की थोडे थांबावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा त्यांनी १८७५ मध्ये अभ्यास केला. वारेत किती रक्त शिल्लक राहते ते मोजून, थोडे थांबल्यास बाळाला सुमारे ९० ग्रॅम रक्त अधिक मिळते, असे त्यांनी दाखवून दिले. नाळ लगेच न बांधण्याचा सल्ला आज जागतिक आरोग्य संघटनाही देते. आई आणि मूल यांना घाईने अलग करू नये, हा विचार त्यांच्या पुढील आयुष्यात वेगळ्या रूपाने पुन्हा पुन्हा प्रकट झाला.

गुरू तार्निये यांचे नाव पेटीशी कायमचे जोडलेले आहे. पॅरिसच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र त्यांच्या पाहण्यात आले आणि ते बनवणाऱ्या ओदिल मार्तँ यांच्याकडून त्यांनी मानवी बालकांसाठी तशीच पेटी तयार करवून घेतली. १८८० च्या सुमारास ती मातेर्नितेमध्ये वापरात आली. गरम पाण्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या या साध्या उपकरणाचा परिणाम विलक्षण होता. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा मृत्युदर शेकडा ६६ वरून ३८ पर्यंत खाली आल्याचे तार्निये यांचे सहकारी ओव्हार यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना नशिबावर सोडून दिले जाई, ती मुले जगू शकतात हे सिद्ध झाले. चोखता न येणाऱ्या बाळाला बारीक नळीने दूध देण्याची रीतही तार्निये यांनीच रूढ केली.

१८९३ मध्ये मातेर्नितेच्या प्रमुख सुईण मादाम आँरी यांच्या पुढाकाराने अशा दुर्बल बालकांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला गेला. दोन वर्षांनी ब्यूदँ यांच्याकडे त्या कक्षाची सूत्रे आली. त्यांनी पाहिले की तेथे मुख्यतः तीन शत्रूंशी सामना करावा लागतो : गारठा, पोषणाची अडचण आणि आजार. शरीराचे तापमान फार उतरल्यावर आणली गेलेली अगदी लहान बाळे क्वचितच वाचत. म्हणून जन्मल्याक्षणापासून ऊब टिकवण्यावर त्यांचा कटाक्ष होता. प्रत्येक बाळाचे वजन नियमित घेणे, दुधाचे प्रमाण वजनाशी जुळवणे, आजारी बाळांना निरोगी बाळांपासून वेगळे ठेवणे, ही शिस्त त्यांनी कसोशीने पाळली. येथवरचे त्यांचे कार्य एखाद्या कुशल डॉक्टरचे होते. त्यांचे वेगळेपण पुढच्या निरीक्षणात आहे.

त्यांच्या ध्यानात आले की कक्षात वाचलेल्या सर्वच बाळांचे पुढे भले होत नाही. प्रसूतीनंतर आई घरी जाई, कष्टकरी असल्यास कामाला लागे. बाळ आठवडेच्या आठवडे कक्षात राही. तोवर आईचे दूध आटून जाई. दूध आटले की तिच्या येण्यात खंड पडे आणि जिला आपल्या बाळाला पाजता आले नाही, जवळ घेता आले नाही, तिचा त्यातील जीव हळूहळू निघून जाई. काही आया आपल्या मुलाकडे कायमची पाठ फिरवीत. इतक्या परिश्रमाने वाचवलेले मूल अखेर अनाथाश्रमाच्या किंवा परक्या दाईच्या स्वाधीन होई आणि तेथे त्याचे आयुष्य पुन्हा धोक्यात येई. ब्यूदँ यांनी हे आपल्या व्याख्यानांत विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडले. मुलाला वाचवायचे आणि आईला गमवायचे, हा सौदा त्यांना मान्य नव्हता.

त्यांच्या विचारांना त्या काळाच्या मर्यादा होत्या, हे नाकारता येणार नाही. चांगल्या आईविषयीच्या तत्कालीन नैतिक कल्पना त्यांच्याही मनात होत्या आणि त्यांचे लक्ष प्रामुख्याने दुधाकडे होते. परंतु त्यांनी आईला दूषण देऊन विषय संपवला नाही. माया आटण्याचे कारण त्यांनी तिच्या स्वभावात न शोधता रुग्णालयाच्या व्यवस्थेत शोधले. व्यवस्था बदलता येते, त्यामुळे उपायही हाती होता.

त्यांचे उपाय साधे होते. पेटीच्या भिंती काचेच्या असाव्यात, म्हणजे आईला आपले बाळ सहज दिसेल, असा त्यांचा आग्रह होता. आईने कक्षात यावे, बाळाला पाहावे आणि शक्य होताच छातीशी धरून पाजावे, असे ते सांगत. अशक्त बाळाला जोराने चोखता येत नाही, त्यामुळे आईचे दूध कमी होत जाते. म्हणून पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळालाही तिने पाजावे, म्हणजे दुधाचा ओघ टिकून राहील, असा तोडगा त्यांनी सुचवला. कक्षातील बाळांसाठी दूध देणाऱ्या दायांनाही त्यांची स्वतःची मुले जवळ ठेवण्याची सोय होती. सुदृढ बाळाचे पाळणे तर आईच्या खाटेशेजारीच असावेत, असे त्यांचे मत होते.

रुग्णालयाचा उंबरठा ओलांडल्यावर डॉक्टरची जबाबदारी संपते, हेही त्यांनी मानले नाही. शारिते रुग्णालयात काम करीत असताना १८९२ मध्ये त्यांनी तान्ह्या मुलांसाठी सल्ला केंद्र सुरू केले. प्रसूत होऊन घरी गेलेल्या आया ठरावीक दिवशी आपली मुले घेऊन तेथे येत. मुलांचे वजन केले जाई, आईला स्तनपानासाठी उत्तेजन दिले जाई आणि जिला दूध पुरत नसे, तिला निर्जंतुक केलेले गाईचे दूध मिळे. उन्हाळ्यातील जुलाबांनी हजारो मुले दगावत असलेल्या त्या काळात हा मोठा आधार होता. तान्हे मूल निरोगी असतानाच नियमितपणे डॉक्टरला दाखवावे, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना अशा केंद्रांतून रुजली. पुढे फ्रान्समध्ये आणि इतर देशांत या धर्तीवर अनेक केंद्रे उघडली. १९०२ मध्ये बालमृत्यूविरोधी संघ स्थापन करण्यातही ब्यूदँ यांचा वाटा होता.

तार्निये यांचे १८९७ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी ब्यूदँ गुरूंच्या जागी प्राध्यापक म्हणून रुजू झाले. दुर्बल आणि पूर्ण दिवसांच्या तान्ह्या मुलांच्या संगोपनावरील त्यांची व्याख्याने १९०० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा इंग्रजी अनुवाद १९०७ मध्ये निघाला. त्याच वर्षी २२ जानेवारी रोजी मार्सेय येथे वयाच्या साठाव्या वर्षी ब्यूदँ यांचे देहावसान झाले.

पेटीच्या बाबतीत जे घडले, ते विचार करायला लावणारे आहे. पेटी जगभर गेली, आई मात्र मागे राहिली. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडण्यात आल्या आणि त्या पाहायला लोकांची झुंबड उडाली. या प्रयोगाशी संबंधित असलेले मार्टिन कूनी स्वतःला ब्यूदँ यांचे शिष्य म्हणवीत. अभ्यासकांना त्याविषयी शंका आहे. पुढे कूनी यांनी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे हे प्रदर्शन चालवले. प्रेक्षकांच्या तिकिटांतून खर्च भागे, पालकांकडून पैसा घेतला जात नसे आणि अन्यत्र ज्यांना कोणी हात लावला नसता, अशी हजारो बाळे तेथे वाचली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु तेथे बाळाची निगा परिचारिका आणि दाया घेत. आई पाहुणी म्हणून येई. बरे झालेले मूल घरी नेण्यास काही पालकांचे मन वळवणे कठीण जाई, अशीही नोंद आढळते. ब्यूदँ यांनी दिलेला इशारा खरा ठरला होता.

रुग्णालयांनी पेटी स्वीकारली तेव्हाही चित्र फारसे बदलले नाही. संसर्गाच्या भीतीने अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाचे दार आईवडिलांना बंद झाले. ही भीती निराधार नव्हती, कारण प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात एक साथ संपूर्ण कक्ष ओस पाडू शकत होती. त्यामुळे अनेक ठिकाणी घरी नेण्याच्या दिवसापर्यंत आईचा बाळाला हातही लागत नसे. ब्यूदँ गेले त्यानंतर महिनाभराने लंडनमध्ये जॉन बोल्बी जन्मले. आई आणि मूल यांच्या जवळिकीचा मानसशास्त्रीय सिद्धांत त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे आयांना हात धुऊन आत जाण्याची, बाळाला स्पर्श करण्याची मुभा देऊन पाहण्यात आली. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल यांनी १९७६ मध्ये याच विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना ब्यूदँ यांच्याकडे मागे वळून पाहावे लागले. जन्मानंतरचे पहिले काही तासच निर्णायक असतात, हा त्या काळचा दावा पुढील संशोधनाने सौम्य केला. विलंबाने भेटलेल्या मायलेकरांतही माया रुजते, असे आढळले. मात्र आईला दूर ठेवण्याची गरज नाही, हा मुद्दा कायम राहिला.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पद्धत म्हणून ती जगभर ओळखली जाते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. पॅरिसमध्ये दाया जे काम करीत, ते अधिक सुरक्षित रीतीने येथे होऊ लागले. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १ किलो ते १.८ किलोपेक्षा कमी वजनाची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली आणि आईलाही अतिदक्षता कक्षातच खाट दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ वरून १२ वर आले. या फरकामुळे चाचणी ठरल्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मल्यापासूनच ही पद्धत अवलंबण्याची शिफारस केली.

ब्यूदँ यांच्यापाशी अशी आकडेवारी नव्हती, मेंदूच्या वाढीचे आजचे ज्ञानही नव्हते. रोज कक्षात वावरताना आपले बाळ पाहायला येणारी आई आणि येईनाशी झालेली आई यांच्या मुलांच्या वाट्याला येणारे भिन्न भवितव्य त्यांनी पाहिले होते. अजूनही अनेक अतिदक्षता कक्षांच्या दारावर आईसाठी भेटीची वेळ लिहिलेली असते. ती वेळ ठरवणाऱ्यांनी पॅरिसच्या या डॉक्टरांची व्याख्याने एकदा तरी वाचायला हवीत.