शाळेच्या मैदानापासून जकार्तापर्यंत : मर्हूम सय्यद अब्दुल रहीम

वाचकहो, शाळेत कवायत घेणाऱ्या मास्तरांकडे आपण फारशा गांभीर्याने पाहत नाही. गणिताच्या मास्तरांना मान असतो, इंग्रजीच्या मास्तरांचा धाक असतो. गळ्यात शिट्टी अडकवून उन्हात उभे राहणारे मास्तर मात्र स्नेहसंमेलनाच्या वेळी खुर्च्या मांडून घेण्यापुरते आठवतात. आज आपल्याला ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे ते हैदराबादचे असेच एक मास्तर होते. आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताने फुटबॉलची दोनच सुवर्णपदके मिळविली, १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात. दोन्ही वेळा संघाला शिकविणारा माणूस एकच होता, सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि नव्या पिढीच्या कानी त्यांचे नाव गेले, हे चांगलेच झाले. परंतु पडद्यावर सामने अधिक आणि शिकवणी कमी असायचीच. आणि रहीमसाहेबांचे मोठेपण शिकवणीत होते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले, विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले आणि पुढे शहरातील कमर क्लबचे खेळाडू म्हणून त्यांनी नाव मिळविले. आज खेळावर घर चालते. त्या काळी चालत नसे. रहीमसाहेबांनी शिक्षकाची नोकरी धरली. काचिगुडा माध्यमिक शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले. मध्येच त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी आपल्याकडे घेतली. पुष्कळ खेळाडू वय झाले की मैदान सोडतात व उरलेले आयुष्य जुन्या गोलांच्या गोष्टी सांगण्यात घालवितात. रहीमसाहेब खेळाडूचे शिक्षक झाले ते वेगळ्या वाटेने. फळ्यापुढे उभे राहण्याची सवय त्यांना आधीच लागलेली होती.

१९४० नंतरच्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. मुंबईच्या जुन्या वाचकांना कूपरेजचे मैदान सांगावयास नको. तेथे भरणारा रोव्हर्स चषक या पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे नेला. कलकत्त्याच्या नामांकित क्लबांना फुटबॉल म्हणजे आपली जहागीर वाटत असे. दख्खनच्या पोलीस शिपायांनी त्या जहागिरीला चांगलाच धक्का दिला.

हे कसे झाले, ते थोडे समजून घेऊ. त्या काळचा आपला खेळाडू चेंडू पायात घोळविण्यात पटाईत होता. एकट्याने तिघांना चकविले की प्रेक्षक टाळ्या पिटत. पण तेवढ्या वेळात समोरचा संघ बचावाला परत येई, हे कोणी पाहत नसे. शिवाय बहुतेकांचा एकच पाय चाले. उजव्या पायाच्या खेळाडूकडे चेंडू डावीकडून आला, की तो उजव्या पायावर घेण्यात एक पाऊल जाई, आणि तेवढ्यात बचावपटू अंगावर येई. रहीमसाहेबांनी यावर जो उपाय केला तो शाळामास्तरालाच सुचावा. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या, की ज्यांत फक्त आपल्या कमजोर पायानेच खेळावयाचे. दुसऱ्या काही स्पर्धांत चेंडू घोळवावयास बंदी. चेंडू आला की लगेच सोबत्याकडे द्यावयाचा. ज्या मुलाचे अक्षर वाईट त्याला मास्तर रोज शुद्धलेखन लिहावयास लावतात, तसाच हा प्रकार. पहिल्या दिवशी मोठमोठे खेळाडू तेथे हसू करून घेत असतील! पण काही महिन्यांनी दोन्ही पाय सारखे चालू लागत, आणि चेंडू माणसापेक्षा वेगाने पळतो ही गोष्ट व्याख्यान न देता अंगी बाणत असे.

गरीब मुलांवर त्यांची नजर असे. तुळशीदास बलराम हा सिकंदराबादकडचा मुलगा. त्याचा खेळ साहेबांनी हेरला. परंतु रोज सरावाला शहरात यावयाचे तर त्याच्याजवळ पैसे नव्हते. सायकलच्या भाड्यापुरते पैसे देऊन रहीमसाहेबांनी त्याची सोय लावली. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि देशाच्या उत्तम आघाडीवीरांत गणला गेला.

राष्ट्रीय संघाचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा सुरुवात छान झाली. १९५१ साली दिल्लीत साहू मेवालालच्या एकमेव गोलावर इराणला हरवून भारताने सुवर्णपदक घेतले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू परक्या थंड मुलखात अनवाणी खेळत होते. आपल्याकडील काही लोक अजूनही अनवाणी फुटबॉलची मोठ्या कौतुकाने आठवण काढतात. त्यांनी हा आकडा एकदा लक्षात घ्यावा. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनी नव्याने घडी बसविण्यास आरंभ केला.

त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नला दिसले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे होते. मूळचा गोव्याचा हा खेळाडू मुंबईत टाटांच्या संघातून खेळे, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची किमया करणारा तो पहिला आशियाई ठरला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा संघ त्याच प्रतिस्पर्ध्याच्या पुढे गेला, ही काय थोडी गोष्ट झाली? शेवटी तो सामना १-४ असा गेला आणि भारत चौथा आला. चार वर्षांनी रोममध्ये हंगेरीशी हार १-२ इतकी निसटती झाली, आणि फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम या रोमच्या चमूत होते, पण वडिलांच्या हाताखाली त्यांना एकाही सामन्यात उतरावयास मिळाले नाही. घरी या गोष्टीवर काय बोलणे झाले असेल, याची कल्पना आपणच करावी.

आता जकार्ता. ऑगस्ट १९६२ मध्ये रहीमसाहेब संघ घेऊन तेथे गेले तेव्हा त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. सिगारेटचे व्यसन जुने होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० हरविले. मग थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळाले. पण थायलंडच्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग याचे डोके फुटले व टाके घालावे लागले. दुसऱ्या कोणी त्याला विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांना मात्र आठवले, की पंजाबात विद्यार्थी असताना हा गडी आघाडीला खेळत असे. उपांत्य सामन्यात त्यांनी त्याला थेट आघाडीच्या मध्यावर उभे केले. चुनी गोस्वामीने दोन व जर्नेलने एक गोल केला, आणि दक्षिण व्हिएतनाम ३-२ असे हरले.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी. इस्रायल व तैवानला स्पर्धेत प्रवेश नाकारल्याबद्दल भारताचे प्रतिनिधी जी. डी. सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यावरून शहरात भारताविरुद्ध संताप उसळला होता, आणि भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला होता. सेनायान मैदानावर लाखाच्या घरात प्रेक्षक होते, आणि भारताचे नाव निघताच शिट्ट्या व हुर्यो यांचा गदारोळ उठे. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून नुकताच उठला होता. उंच कोरियन चेंडूंसाठी त्याची उंची हवी म्हणून साहेबांनी त्यालाच उभे केले. मध्यफळीत मुंबईचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला आणि तीनच मिनिटांनी टाके घातलेल्या डोक्याच्या जर्नेलने दुसरा. कोरियाचा गोल झाला तो अगदी अखेरीस. भारत २-१ असा जिंकला.

त्यानंतर रहीमसाहेबांचा आजार बळावतच गेला. फुफ्फुसाचा कर्करोग होता. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हैदराबादेत त्यांचे निधन झाले. जकार्ताच्या विजयाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. भारताला त्यानंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे एकच पदक मिळाले, १९७० साली बँकॉकला, तेही कांस्य. २०२३ च्या हांगझोउ स्पर्धेपर्यंत दुसरे नाही. पी. के. बॅनर्जी मात्र बूट उतरविल्यावर शिक्षकच झाले आणि कलकत्त्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांना त्यांनी शिकविले. रोमला बाकावर बसून राहिलेले हकीमही पुढे वायुदलात अधिकारी, आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले. २०२१ साली वारले तोपर्यंत ते वडिलांच्या त्या कमजोर पायाच्या स्पर्धांविषयी कोणी विचारले तर सांगत असत.