अँजेलो मोस्सो : मेंदूचा विचार तराजूत तोलणारा शास्त्रज्ञ



आपल्या कोनगावातून भिवंडीच्या गोदामांकडे जाताना वजनकाट्यावर उभे ट्रक तुम्ही पाहिले असतील. ट्रक हलत असेल तर काटेवाला आकडा लिहीत नाही, थांबतो. माणसालाच तराजूवर झोपवणाऱ्या एका शास्त्रज्ञालाही असंच थांबावं लागलं. त्याची ही ओळख.

जन्म व शिक्षण

अँजेलो मोस्सो यांचा जन्म ३० मे १८४६ रोजी इटलीतील तुरिन येथे झाला. वडील सुतार. मोस्सो डॉक्टर झाले, जर्मनीत लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्याकडे शिकले आणि १८७९ मध्ये तुरिनला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

कार्य

बर्टिनो नावाच्या शेतकऱ्याच्या कवटीला जखमेमुळे भोक पडलं होतं. मोस्सोंनी त्याला ८ गुणिले १२ करायला सांगितलं, तर मेंदूचे ठोके जोरात पडू लागले! पण ज्यांची कवटी शाबूत आहे त्यांचं काय? १८८० च्या दशकात त्यांनी मोठा लाकडी तराजू बनवला. माणूस त्यावर आडवा. विचार केला की डोक्याकडे रक्त जाईल आणि फळी तिकडे झुकेल, ही कल्पना.

अडचण अशी, की फळी नुसत्या श्वासानेही हले. म्हणून त्यांनी जड वजन लावून डोलणं कमी केलं, माणसाला आधी बराच वेळ शांत पडू दिलं आणि श्वास व नाडी वेगळी नोंदवली.

आज काय करतात?

आजचं एफएमआरआय यंत्रही मेंदूतल्या रक्ताचाच माग घेतं. एकाच जागेची शेकडो मोजमापं घेतात. त्यांच्या सरासरीला चढउताराने भागलं, की सिग्नल किती चांगला ते कळतं. समजा सरासरी १००० आणि विचारामुळे होणारा बदल २ टक्के, म्हणजे २०. चढउतार १० असेल तर उत्तर १०० येतं आणि बदल ओळखू येतो. मूल जरा हललं आणि चढउतार ५० झाला, तर उत्तर २० वर येतं आणि तोच बदल बुडून जातो. विचार तेवढाच होता, मोजमाप बिघडलं!

मोस्सो २४ नोव्हेंबर १९१० रोजी वारले.

मित्रांनो, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट, अंगात ताप, घरात भांडण, अशा दिवशी दिलेल्या एका घटक चाचणीवरून आपण मुलाला 'कच्चा' ठरवतो का? काटा स्थिर होऊ द्या. पुन्हा मोजा. मगच आकडा लिहा.