अल्पमताचा आवाज आणि दादासाहेब मावळणकर

दिल्लीत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला रफी मार्गावरील मावळणकर सभागृह ठाऊक असते. ज्यांच्या नावाने ते उभे आहे, त्या गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळणकरांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. संसदेत गोंधळ माजला, कामकाज तहकूब झाले किंवा सदस्य निलंबित झाले, की बहुमताने राज्य कसे करावे आणि अल्पमताने विरोध कोठवर ताणावा हा प्रश्न पुन्हा पुढे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले, तेव्हाही तो आला होता. या प्रश्नाचे भारतीय उत्तर शोधण्यात मावळणकरांनी आपल्या आयुष्याची शेवटची दहा वर्षे खर्ची घातली.

मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातल्या मावळंग्याचे. त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. प्रारंभीचे काही शिक्षण राजापुरात झाल्यावर १९०२ मध्ये ते अहमदाबादेस गेले आणि तेच शहर त्यांची कर्मभूमी ठरले. १९१३ पासून त्यांनी तेथे वकिली केली. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्या सहवासात आल्यावर असहकाराच्या काळात त्यांनी चालती वकिली सोडली. अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. निरनिराळ्या सत्याग्रहांत त्यांनी दीर्घ कारावास सोसला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांमधील माणुसकीवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिले. नियमांवर अढळ निष्ठा असलेल्या या माणसाचा स्वभाव कोरडा नव्हता, हे त्यावरून कळते.

१९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सभागृहातील पारडे काँग्रेसच्या बाजूचे नव्हते, तरीही सर कावसजी जहांगीर यांचा ६६ विरुद्ध ६३ मतांनी पराभव करून ते निवडून आले. अवघ्या तीन मतांच्या आघाडीने मिळालेल्या त्या खुर्चीने त्यांना विरोधी बाकांचे मोल शिकविले असणार. नोव्हेंबर १९४७ पासून ते संविधान सभेच्या विधिमंडळाचे आणि पुढे हंगामी संसदेचे अध्यक्ष होते. मे १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेने शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी त्यांना निवडले. आता सत्ताधारी पक्षाचे बहुमत प्रचंड होते आणि विरोधक विखुरलेले होते.

अशा सभागृहात अल्पमताला किती वाव द्यावा? जगापुढे दोन नमुने होते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये एखादा सदस्य तासन्‌तास बोलून विधेयक अडवू शकत असे. चर्चा बंद करण्याचा नियम तेथे १९१७ मध्ये आला, तोही दोन तृतीयांश मतांच्या अटीवर, आणि १९७५ मध्ये ती अट साठ मतांवर आली. ब्रिटिश कॉमन्स सभेत आयरिश सदस्यांनी वेळकाढूपणाने कामकाज रोखल्यावर १८८१ मध्ये अध्यक्षांनी एकेचाळीस तास चाललेली बैठक स्वतःच्या अधिकारात थांबविली. त्यातून साध्या बहुमताने चर्चा संपविण्याची रीत रूढ झाली. भारताने दुसरी वाट धरली, पण तिला एक आवर घातला. लोकसभेत चर्चाबंदीचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. मात्र त्यामुळे नियमांचा गैरवापर होतो किंवा वाजवी चर्चेचा हक्क डावलला जातो असे अध्यक्षांना वाटले, तर तो मताला टाकला जात नाही. म्हणजे अल्पमताचे संरक्षण मतांच्या आकड्याऐवजी अध्यक्षांच्या विवेकावर सोपविले गेले.

या विवेकाला मावळणकरांनी नियमांचा आधार दिला. ब्रिटिश अमलात तहकुबी सूचना हे विरोधकांचे जवळजवळ एकमेव शस्त्र होते, कारण सरकार विधिमंडळाला जबाबदार नव्हते. ती परिस्थिती पालटल्यामुळे ही सूचना यापुढे अपवादानेच स्वीकारली जाईल, असा निर्णय त्यांनी १९५० मध्ये दिला. एक दार त्यांनी अरुंद केले, तशी दुसरी उघडली. १९५२ मध्ये कामकाज सल्लागार समिती आली आणि वेळेची वाटणी सरकारच्या एकट्याच्या हाती राहिली नाही. १९५३ मध्ये अल्पकालीन चर्चेची, तर १९५४ मध्ये लक्षवेधी सूचनेची तरतूद झाली. मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती आणि दुय्यम विधिनियमांवर नजर ठेवणारी समिती याच काळातील. सरकारने ऊठसूट अध्यादेश काढू नयेत, हे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविले होते. स्वपक्षाच्या सरकारलाही ते टोकत असत.

तरीही त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झालाच. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. लोकसभा अध्यक्षांविरुद्धचा हा पहिलाच ठराव होता. तो फेटाळला गेला, पण विरोधकांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. तहकुबी सूचना वारंवार नाकारल्या गेल्याने त्यांना कोंडल्यासारखे वाटत होते. शिवाय अध्यक्ष झाल्यावरही मावळणकरांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नव्हते. पक्षाच्या राजकारणापासून अलिप्त राहणे पुरेसे आहे, असे ते मानीत. पुढे साठच्या दशकात नियमावलीत नसलेला शून्य प्रहर रूढ झाला, तो विरोधकांच्या याच कोंडीतून.

त्यांच्या एका निर्णयाचे पडसाद तर फार उशिरा उमटले. सभागृहात पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास गणपूर्तीइतके, म्हणजे एक दशांश सदस्य हवेत, असा दंडक त्यांनी घातला होता. असंख्य लहान गटांच्या सभागृहात तो व्यवहाराला धरून होता. विरोधी पक्षनेत्याच्या पदाला १९७७ च्या कायद्याने वैधानिक स्थान दिले. त्या कायद्यात एक दशांशाची अट नाही, तरी २०१४ मध्ये ४४ आणि २०१९ मध्ये ५२ जागा मिळालेल्या काँग्रेसला ते पद मिळाले नाही. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, लोकसभेला पुन्हा विरोधी पक्षनेता लाभला. सोयीसाठी घातलेला दंडक अल्पमताला भिंत कसा ठरू शकतो, याचे हे उदाहरण.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, मावळणकरांचे निधन झाले. त्यांचे पुत्र पुरुषोत्तम मावळणकर पुढे अपक्ष म्हणून लोकसभेत आले आणि आणीबाणीत त्यांनी सभागृहात उभे राहून तिला विरोध केला. त्यांच्या पाठीशी कोणता पक्ष नव्हता, सदस्याचा बोलण्याचा हक्क तेवढा होता.

कामकाज अडविण्याचा अधिकार आपल्या अल्पमताला नियमांनी दिलेला नाही. ऐकले जाण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो राखणे अध्यक्षांच्या हाती ठेवले आहे. सतराव्या लोकसभेने पाच वर्षे उपाध्यक्षांविना काढली, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक आहे ते दिसले. ऐकले जाण्याची वाट बंद झाली की विरोधक अडवणुकीकडे वळतात आणि अडवणूक वाढली की बहुमत ती वाट आणखी अरुंद करते. हे चक्र थांबविण्यासाठी नवे नियम लागतीलही. पण त्याआधी मावळणकरांनी दार अरुंद करताना दुसरी दारे उघडली होती, एवढे दोन्ही बाकांनी आठवावे.