दहा आज्ञांचे दिग्दर्शक : क्रिस्तॉफ किस्लोव्स्की

पोलंड म्हटले की आपणां कॅथलिकांना पोप दुसरे जॉन पॉल आठवतात. त्याच भूमीच्या आणखी एका सुपुत्राची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. परमेश्वराच्या दहा आज्ञांवर दहा चित्रपट निर्माण करणारे हे दिग्दर्शक म्हणजे क्रिस्तॉफ किस्लोव्स्की.

२७ जून १९४१ रोजी जर्मन अमलाखालील वॉर्सा शहरात त्यांचा जन्म झाला. वडील क्षयरोगी, त्यांच्या उपचारांसाठी कुटुंबाला गावोगाव फिरावे लागले. लोड्झच्या नामांकित चित्रपट विद्यालयाने क्रिस्तॉफ यांना दोनदा नाकारले; तिसऱ्या खेपेस, १९६४ साली, प्रवेश मिळाला.

आरंभी त्यांनी कामगार, रुग्णालये, रेल्वे स्थानक अशा विषयांवर माहितीपट काढले. स्थानकावरील त्यांचे चित्रीकरण पोलिसांनी एका खुनाच्या तपासासाठी जप्त केले. आपला कॅमेरा नकळत पोलिसांचा साक्षीदार होऊ शकतो, या जाणिवेने ते अस्वस्थ झाले आणि कथापटांकडे वळले.

डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. त्या काळातील राजकीय खटल्यांमुळे त्यांची वकील क्रिस्तॉफ पिएसेविच यांच्याशी ओळख झाली. दहा आज्ञांवर चित्रपट करण्याची कल्पना पिएसेविच यांचीच. त्यातून १९८८ साली दूरचित्रवाणीसाठी 'डेकॅलॉग' ही मालिका साकारली. वॉर्सातील एकाच वसाहतीत तिच्या कथा घडतात. पहिल्या कथेतील पिता संगणकाच्या गणितावर विसंबून मुलाला गोठलेल्या तळ्यावर जाऊ देतो. बर्फ फुटतो आणि मूल बुडते. पाचव्या कथेत एका तरुणाने केलेला खून आणि शासनाने त्याला दिलेली फाशी, दोन्ही सारख्याच भीषणतेने दिसतात. या कथेच्या विस्तारित चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक लाभले. १९८८ नंतर पोलंडमध्ये कोणालाही फाशी दिली गेली नाही.

किस्लोव्स्की स्वतः नियमाने चर्चला जाणारे नव्हते. तरीही १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ उत्तम चित्रपटांच्या यादीत 'डेकॅलॉग'चा समावेश झाला. १९९३ च्या त्यांच्या 'ब्लू' चित्रपटाच्या अखेरीस संत पौलाचे प्रीतीविषयीचे वचन ग्रीक भाषेत गायिले जाते. १३ मार्च १९९६ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतर, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण दहा आज्ञा बालपणीच मुखोद्गत करतो. त्या आज्ञा शेजारच्या घरात, जिन्यावर, रुग्णालयात रोज आपली परीक्षा घेत असतात, हे या दिग्दर्शकाने कोणताही उपदेश न करता दाखवून दिले. चर्चपासून दूर राहिलेल्या माणसाकडूनही परमेश्वर आपले कार्य करवून घेतो, हे जाणून आम्ही त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो.