चौकातील कथाकार : अमृतलाल नागर

लखनौच्या चौकात राहून तेथील गल्ल्या व बोली हिंदी वाचकांपर्यंत पोहोचविणारे अमृतलाल नागर आपणांस परिचित आहेत ते ‘बूँद और समुद्र’ (१९५६) सारख्या कादंबऱ्यांमुळे. परंतु १७ ऑगस्ट १९१६ रोजी आग्र्यास गुजराती कुटुंबात जन्मलेल्या या थोर लेखकास बालवाचकांचा विसर कधीच पडला नाही. १९४१ मधील ‘नटखट चाची’पासून सुरू झालेले हे लेखन साहित्य अकादमीच्या पुरस्कारानंतरही (१९६७) थांबले नाही; ‘बजरंगी-नौरंगी’ व ‘बाल महाभारत’ ही पुस्तके त्यानंतरचीच.

आपल्या मंडळींवर त्यांचे आणखी एक ऋण आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सुमारे सात वर्षे काढलेल्या नागरांना मराठी उत्तम अवगत होते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ त्यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत आणला. पुढे मामा वरेरकरांचे ‘सारस्वत’ नाटकही. येथे हिंदीतून शिकणाऱ्या आमच्या मुलांना भटजींचे जुने मराठी जड जाते. सत्तावनच्या धामधुमीत झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहणारा तो कोकणातील भिक्षुक त्यांना भेटतो तो चौकातील या शेजाऱ्याच्या हिंदीतून! पुढे नागर स्वतःच अवधच्या खेड्यापाड्यांत हिंडले आणि सत्तावनच्या लोकस्मृती त्यांनी ‘गदर के फूल’ (१९५७) मध्ये गोळा केल्या. १९९० साली लखनौतच त्यांचे निधन झाले.