नांगर घडविणारे मास्तर – कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर



जपानात तोकियो शहराच्या पूर्वेला फुनाबोरी नावाची वस्ती आहे. तेथे आणि जवळच्या निशी-कासाई भागात आज पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात व त्यांत मराठी मंडळीही आहेत. बरेच जण संगणकाच्या कामावर पगारी नोकर म्हणून गेलेले. महिन्याचा पगार सोडून स्वतःची कंपनी काढावी काय, हा विचार अशा परमुलखात राहणाऱ्या तरुणाच्या मनात येतोच. आपल्या मॉरिशसमध्येही सरकारी नोकरी लागली की घरात पेढे वाटतात आणि धंद्याचे नाव काढले की आईवडील गप्प होतात. या काळजीत खोटे काही नाही. म्हणून आज अशा एका मराठी माणसाचे चरित्र सांगतो, ज्याने ही उडी मारली तेव्हा पुढे कोणी मारलेली त्याने पाहिलीही नव्हती.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. संगीत नाटकांचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही याच गावचा. लहानपणापासून लक्ष्मणरावांचे मन दोन गोष्टींत होते, चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे. वडिलांना हे पसंत नव्हते. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे पहिला घाव बसला. काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखूच येत नाहीत असे आढळले. चित्रकाराला रंग दिसू नयेत, यापरते दुर्दैव कोणते? त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकविणारे मास्तर झाले.

सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवीत आणि रामूअण्णा तो विकीत. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे गिऱ्हाईक श्रीमंतच असणार. पण श्रीमंताला तरी ती चालविता कुठे येत होती? म्हणून पंधरा रुपये घेऊन शिकविण्याची सोयही दुकानातच केली. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. जी वस्तू लोकांना ठाऊक नाही ती विकायची तर आधी मास्तर व्हावे लागते.

मुंबईत नोकरी चालू होती. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावी परतले. हाताशी पगार नाही, भांडवल थोडे, आणि घरचे सर्व लोक त्या दुकानावर अवलंबून.

सायकलींवर समाधान न मानता त्यांनी लहानसा कारखाना उभा केला. प्रथम कडबा कापण्याची यंत्रे बनविली, नंतर लोखंडी नांगर. येथे खरी परीक्षा झाली. नांगर तयार होता, पण घेणारा कोणी नव्हता. लोखंड लागले की जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. त्यांना हसू नये. ज्याचे पोट एका तुकड्यावर आहे तो त्यावर प्रयोग करू देत नाही. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! पुस्तकांत हे एका ओळीत येते, पण ती वर्षे त्या घरात कशी गेली असतील याचा विचार मनात येतो.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागते न लागते तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, कामगार घेऊन जायचे कोठे? त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात देवळाच्या सभामंडपाचे काम होते. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चांगले चित्रकार होते. रंग सोडावे लागलेल्या माणसाला आधार मिळाला तो एका चित्रकार राजाचा. राजेसाहेबांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन दिली.

जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि त्यात नाग! १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. गावाची आखणी रामूअण्णांनी केली. शंभुराव जांभेकर यंत्रे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कुशल यंत्रज्ञ झाले. रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी नेमले ते दरोडेखोरीची शिक्षा भोगलेले लोक, आणि त्यांनी तो विश्वास राखला. वाडीत शिवाशीव पाळू दिली नाही. त्या काळच्या मानाने हे धाडस नांगरापेक्षा लहान नव्हते. लक्ष्मणरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण रामूअण्णांचे फारसे कोणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो.

पहिल्या महायुद्धात लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा भट्टीसाठी लाकडी कोळसा वापरून पाहिला आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर केले. पुढे उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप निघाले. उसाच्या कोठ्यांवर ज्यांचे आजे-पणजे राबले त्या आपल्या बेटावरील वाचकांना चरकाचे महत्त्व सांगावयास नको. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची रीतसर मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले व त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले आणि १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे, आणि कुंडल रोड स्टेशनाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे.