जलरंगांतील बाग : हेलन अ‍ॅलिंगहॅम

गवताने शाकारलेले जुने इंग्रजी घर, कुंपणाशी उंच वाढलेला गुलखैरा आणि दारात लेकराला कडेवर घेऊन उभी असलेली आई, अशी जलरंगांतील चित्रे पुष्कळांनी भेटकार्डावर पाहिली असतील. अशा चित्रांत अग्रगण्य ठरलेल्या हेलन अ‍ॅलिंगहॅम यांचे नाव मात्र आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे.

1848 साली डर्बीशायर परगण्यात एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1862 मध्ये घटसर्पाच्या साथीने वडील आणि धाकटी बहीण दोघांनाही नेले. हेलन ही सर्वांत थोरली. चित्रकला हा तिच्यापुरता केवळ छंद राहिला नाही. तिच्या मावशीने, लॉरा हर्फर्ड हिने, 1860 मध्ये नावाचे केवळ आद्याक्षर घातलेली चित्रे पाठवून रॉयल अकॅडमीच्या विद्यालयात प्रवेश मिळविला होता. तोवर तेथे स्त्रियांना मज्जाव होता. पुढे 1867 मध्ये हेलनही तेथेच शिकू लागली. नियतकालिकांसाठी चित्रे काढून तिने चरितार्थ चालविला. 1874 मध्ये आयरिश कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅम यांच्याशी तिचा विवाह झाला.

1881 मध्ये हे कुटुंब सरे परगण्यात राहावयास गेले. तेथील जुनी घरे पाडली जात होती, काहींना नवा साज चढत होता. ती नाहीशी होण्यापूर्वी बाईंनी उघड्यावर बसून कागदावर उतरविली. नव्या खिडक्या बसल्या असल्या तरी चित्रात जुन्याच काढल्या. त्या घरांतील ओल आणि दारिद्र्य चित्रांत दिसत नाही, हा आक्षेप मात्र खराच आहे.

1889 मध्ये पती निवर्तले. तीन मुलांचा भार कुंचल्यावर आला. पुढच्याच वर्षी जलरंग चित्रकारांच्या राजमान्य संस्थेने त्यांना पूर्ण सभासदत्व दिले. तो मान मिळविणारी ही पहिली स्त्री.

मन्स्टेड वुड येथील गर्ट्रूड जेकिल यांची बागही त्यांनी रंगविली. जेकिलबाई मूळच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनी. दृष्टी अधू झाल्याने त्या बागकामाकडे वळल्या. त्यांच्या लांबलचक ताटव्यात टोकाशी निळसर, करड्या शांत छटा, मध्ये पिवळा, नारिंगी, मग धगधगता तांबडा, आणि पुन्हा उतरत निळ्याकडे. एका चित्रकर्तीने मातीत मांडलेले रंग दुसरीने कागदावर घेतले! अ‍ॅलिंगहॅमबाई पांढरा रंग फासण्यापेक्षा ओला रंग टिपून वा सुकलेला खरवडून खालच्या कागदाची शुभ्रता वर आणीत. म्हणून त्यांची फुले जवळून पाहिली तर नुसते ठिपके आणि ओरखडे. चार पावले मागे सरावे, की उन्हात डोलणारा ताटवा दिसतो.

1926 मध्ये हॅसलमियर येथे स्नेह्यांकडे गेल्या असता त्यांचे निधन झाले.